डोक्याकडची बाजू

तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात दोन मावश्या होत्या आणि सगळं इस्पितळ त्यांना जावा-जावा म्हणायचं. नात्यानं त्या एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. पण एकोणीस वर्षं एकाच खाटेच्या दोन टोकांना उभं राहून रोज भांडायचं, आणि तरी एकीचं दुसरीवाचून पान हलायचं नाही, अशा बायकांना दुसरं म्हणणार तरी काय? तेव्हा एक थोरली आणि एक धाकटी. पगाराच्या कागदावर त्यांची खरी नावं असतील, ती तिथंच सुखी राहोत.

दोघींचं काम सांगायला सोपं. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याला हलवायचं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, घसरून खाली आलेल्याला उशीकडे वर घ्यायचं, खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खाटेवर. डोक्याकडे थोरली, पायांकडे धाकटी, दोघींच्या मुठीत रोग्याखालच्या चादरीची टोकं. थोरली वाकून रोग्याच्या कानाशी विचारायची, "येता का?" रोगी म्हणायचा, "आलो." त्या 'लो'वर दोघी एकदम घ्यायच्या. बाई असेल तर 'आले'मधल्या 'ले'वर. ज्याची वाचा गेलेली असेल त्याच्या वतीनं थोरलीच "आलो" म्हणायची, तेही त्याच्या वयाला शोभेल अशा आवाजात. तिचा नव्वदीच्या आजोबांचा आवाज तर ऐकण्यासारखा होता.

आणि 'घ्यायच्या' म्हणजे घ्यायच्याच. 'उचलणं' हा शब्द त्या वॉर्डात चालत नव्हता. उचलतात ते गेलेल्याला. 'कधी उचलणार' हे लोक दारात चपला काढून, हळू आवाजात कशाबद्दल विचारतात ते काय सांगायला हवं? जित्या माणसाला घ्यायचं असतं. एकदा एक नवा डॉक्टर घाईघाईत म्हणून गेला, "मावशी, यांना जरा उचला." थोरलीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की बिचारा आठवडाभर चहा प्यायला खालच्या मजल्यावर जात होता.

चार महिन्यांपूर्वी सकाळच्या फेरीत एका आजोबांना वर घेताना थोरलीच्या कमरेत कट्‌ झालं. धाकटीला पायांकडे ऐकू आलं म्हणजे बघा. थोरलीनं आजोबांना उशीवर नीट टेकवलं, चादरीची सुरकुती काढली, आणि मग खाटेचा कठडा धरून जी उभी राहिली ती पाऊण तास तिथून हललीच नाही. फिल्म काढली तर कमरेच्या मणक्यांमधल्या तीन गाद्या गेलेल्या. त्यातली एक पार बाहेर येऊन नसेवर बसलेली.

इस्पितळाच्या प्रशासनानं फिल्म बघितली, वय बघितलं, छप्पन्न, आणि एका ओळीत निकाल लावला. वयोमानानुसार झीज. कामास अपात्र. महिनाअखेरीस मोकळ्या. वॉर्डाच्या मुख्य नर्सबाई खमक्या होत्या म्हणून बरं. त्या म्हणाल्या, कामगारांच्या आजारांचं मंडळ असतं, तिकडे अर्ज करा. हा आजार कामामुळे झाला असं मंडळानं मानलं तर ऑपरेशन इस्पितळानं करायचं आणि त्यानंतर कपड्यांच्या खोलीत बसून करायचं काम द्यायचं. नाही मानलं तर थोरलीनं आपली पाठ घेऊन घरी जायचं. आता मंडळाकडे एक यादी होती. धुळीनं फुप्फुस गेलं तर ते यादीत होतं, आवाजानं कान गेला तर होतं, रसायनानं कातडी गेली तर तेही होतं. पाठ नव्हती. पाठ म्हणे सगळ्यांचीच जाते.

अर्ज भरला धाकटीनं. थोरलीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि पालथं पडून लिहिणार तरी कसं? थोरलीच्या घरी खाटेशेजारी स्टूल ओढून धाकटी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत गेली. सातवा प्रश्न होता, 'कामात वजन उचलावे लागते का?'

"वजन कुठलं उचलतो आपण?" थोरली म्हणाली. "ते खालचे हमाल उचलतात. पेट्या, सिलिंडर."

"'नाही' लिहू?"

"मग काय 'हो' लिहिणार?"

धाकटीनं चांगलं ठसठशीत, शिरोरेघ ओढून, 'नाही' लिहिलं. दोघींपैकी एकीच्याही मनात पाल चुकचुकली नाही.

आता इथं धाकटीच्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती. तिचा थोरलीवर राग होता. ती कामाला लागली तेव्हा तिची मुलगी तीन महिन्यांची होती. पहिल्याच दिवशी थोरली म्हणाली होती, "अंग ओलं आहे अजून तुझं. पायांकडे ये. तात्पुरतं." त्या तात्पुरत्याची एकोणीस वर्षं झाली. मुलगी कॉलेजात गेली, तरी धाकटी आपली पायांकडेच. आणि पायांकडच्या मावशीला विचारतं कोण? रोगी डोळे उघडतो तो डोक्याकडच्या मावशीच्या तोंडाकडे बघत. आशीर्वाद तिला, नातेवाइकांचे नमस्कार तिला, घरी जाताना हात हातात घेऊन रडायचं ते तिचाच. दोन महिने वॉर्डात राहिलेला एक माणूस बरा होऊन बायकोमुलांसकट भेटायला आला, थोरलीच्या पाया पडला आणि धाकटीला म्हणाला, "तुम्ही नवीन का?" दोन महिने त्याच्या टाचांना तेल लावलं होतं हिनं.

तीनचारदा तिनं तोंड उघडून मागितलंही होतं. "जाऊबाई, आज मी डोक्याकडे येते." थोरलीचं उत्तर ठरलेलं. "मला बोलायला लागतं गं. पायांशी काय बोलू मी?" धाकटी मनात म्हणायची, मानाची जागा सुटत नाही बाईला. थोरलीच्या सुट्टीच्या दिवशी, आणि तिची कमर गेल्यापासून रोजच, शेजारच्या वॉर्डातला मिशीवाला, पैलवानासारखा वॉर्डबॉय यायचा, तो आल्या आल्या सवयीनं डोक्याकडे जाऊन उभा राहायचा, आणि धाकटीला वाटायचं, हे पण तसलंच.

तर असा सगळा मामला असताना प्रशासनातले साहेब एक दिवस स्वतः वॉर्डात आले. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. धाकटीला म्हणाले, "मावशी, तुमचीही पाठ तपासून घेऊ. आम्हाला सगळ्यांची काळजी आहे." धाकटी हुरळली. एकोणीस वर्षांत पायांकडच्या मावशीची कुणी काळजी केली नव्हती. यंत्राच्या नळकांड्यात अर्धा तास डोळे मिटून पडली, आणि निकाल आला तो काय, कणा ठणठणीत. फिल्म काढणारा म्हणाला, सत्तेचाळिशीत असा कणा बघायला मिळत नाही. धाकटीनं ते सगळ्या मजल्याला सांगितलं. संध्याकाळी थोरलीला सांगायला गेली तेव्हा मनात थोडी चोरटी फुशारकीही होती. थोरली पालथी पडली होती. मान वळवून तिनं धाकटीकडे बघितलं, आणि बाळसं धरलेल्या पोराकडे आई बघते तशी बघत राहिली. "बरं झालं हो," म्हणाली. "फार बरं झालं."

धाकटीला ते तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं.

सुनावणीच्या दिवशी मंडळाच्या कचेरीबाहेर बाकाशेजारी थोरली उभीच होती, कारण बसलं की उठता येत नव्हतं. दारावरच्या शिपायानं न विचारता माहिती पुरवली. अध्यक्षबाई सरळ आहेत, पण त्या पाठीच्या बाबतीत डॉक्टरांचंच ऐकतात, आणि डॉक्टर म्हणजे वयोमान डॉक्टर. कोणाचीही पाठ आणा, ते वयोमान लिहितात. मागच्या वर्षी एकविशीतल्या पोराला लिहिलं होतं.

आत लांब टेबल, त्यावर हिरवं जाड कापड, पाण्याचा जग, आणि भिंतीला दोन पांढऱ्या दिव्यांच्या पेट्या. टेबलाच्या त्या बाजूला जाड भिंगांच्या अध्यक्षबाई आणि पांढऱ्या मिशांचे, धिप्पाड डॉक्टर. ह्या बाजूला साहेब. थोरलीला हात असलेल्या एका खुर्चीत बसवलं. ती हळूहळू बसली, पाणी भरलेली घागर उतरवावी तशी.

अध्यक्षबाईंनी अर्ज पुढे ओढला. "सातव्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नाही असं दिलंय. कामात वजन उचलावं लागत नाही. मग हा आजार कामामुळे कसा?"

धाकटीनं मान लांब करून कागदाकडे बघितलं. ते तिचंच अक्षर होतं, शिरोरेघेसकट.

"नाहीच उचलत," थोरली शांतपणे म्हणाली.

"अहो बाई," धाकटी मागून म्हणाली, "ते म्हणजे आम्ही माणसं घेतो. उचलणं म्हणत नाही आम्ही. उचलतात ते मेल्यावर." आणि मग तिनं सगळं सांगितलं, 'येता का'पासून 'लो'पर्यंत. अध्यक्षबाई ऐकता ऐकता चष्मा काढून बसल्या.

"मग दुरुस्त करू या," त्या म्हणाल्या. "उत्तर हो असं लिहिते. वजन उचलावं लागतं. चालेल ना, मावशी?"

"नाही," थोरली म्हणाली.

"का?"

"ती माणसं आहेत. वजन नाही."

धाकटीला वाटलं, हिच्या एक ठेवून द्यावी. महिनाअखेर आठ दिवसांवर आली आणि ही बाई शब्दासाठी अडून बसली. "जाऊबाई, एक अक्षर लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" ती दबक्या आवाजात म्हणाली. थोरली ऐकलं न ऐकलंसं करून समोर बघत राहिली.

साहेब उठले. त्यांना घाईच होती. "हो म्हणा, नाही म्हणा, मला फरक पडत नाही," ते म्हणाले. "मी फक्त दोन फिल्म दाखवतो." त्यांनी डाव्या पेटीवर एक लावली आणि उजव्या पेटीवर दुसरी.

धाकटीनं माणसाचा कणा असा शेजारी शेजारी लावलेला कधी बघितला नव्हता. उजवीकडचा ती बघतच राहिली. एकावर एक मणके, मध्ये एकसारख्या गुबगुबीत गाद्या, नुकत्याच कापूस भरून आणल्यासारख्या, आणि सगळी ओळ अशी सुरेख वळत खाली गेलेली की कुणीतरी हातानं काढावी. डावीकडे मात्र खालच्या तीन गाद्या काळ्या पडलेल्या, चपटलेल्या, आणि त्यातली एक दाराखालून जीभ बाहेर काढावी तशी बाहेर आलेली. ती डावी थोरलीची हे सांगायला नको होतं.

"आणि ही उजवी," साहेब म्हणाले, "ह्या बाईंची. ह्याच, ज्या मागे उभ्या आहेत त्यांची. तोच वॉर्ड, तीच खाट, तेच रोगी, तीच एकोणीस वर्षं. कामानं पाठ जात असती तर ह्यांचीही गेली असती. गेली नाही. म्हणजे दोष कामाचा नाही, वयाचा आणि प्रकृतीचा."

वयोमान डॉक्टरांनी मान डोलवली. "मुद्दा बिनतोड आहे," म्हणाले.

धाकटीला आता उमगलं. म्हणजे ही काळजी होती. म्हणजे आपल्या पाठीचा फोटो काढला तो थोरलीला घरी घालवायला, आणि आपण ते मिरवत साऱ्या मजल्याला सांगितलं. आधी ते 'नाही', आता ही पाठ. ह्या एका अर्जात थोरलीचं जेवढं वाटोळं व्हायचं होतं तेवढं आपल्याच हातानं झालं. तिला तिथल्या तिथं मोडून पडावंसं वाटलं, एखादी तरी गादी सरकावीशी वाटली.

"पण मला एकदा बघायचंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे घेणं म्हणतात ते नेमकं कसं करतात? मावशी, दाखवता का?"

"ह्यांना वाकता येत नाही," धाकटी म्हणाली.

"मग तुम्ही दाखवा. पायांकडे शिपाई राहील."

"मी राहतो," डॉक्टर म्हणाले आणि कोट काढून खुर्चीला लावला. "बघू तरी."

रोगी कोण, हा प्रश्न उरला. अध्यक्षबाईंनी खोलीत नजर फिरवली आणि ती साहेबांवर येऊन थांबली. साहेबांनी आढेवेढे घेतले, बूट आहेत म्हणाले, कागद आहेत म्हणाले. शेवटी शिपायानं पाण्याचा जग उचलला (जगाला उचललेलं चालतं) आणि साहेब हिरव्या कापडावर उताणे झाले. चादरीचं काम आता त्या कापडालाच करायचं होतं.

डॉक्टर पायांकडे उभे राहिले. राहिली ती डोक्याकडची बाजू.

धाकटी तिथं जाऊन उभी राहिली आणि तिला एकदम परकं वाटलं. सगळं उलटं दिसत होतं. ज्याच्या टाचा ओळखीच्या असायच्या त्याचं टक्कल समोर होतं. एकोणीस वर्षं मागत होती ती ही जागा. तिनं कापडाची टोकं खांद्यांपाशी मुठीत गुंडाळली, वाकली, आणि तिच्या लक्षात आलं की विचारायचं आता आपल्याला आहे.

"येता का?"

"कुठे?" साहेब म्हणाले.

"आलो म्हणा."

"आलो."

डॉक्टरांकडची बाजू झटकन वर आली. धाकटीकडची आलीच नाही. साहेब टेबलावर तिरपे झाले आणि "अहो, अहो" करू लागले.

"माझ्याकडे तर काही विशेष नाही," डॉक्टर म्हणाले. "हलकंच आहे."

धाकटीला कळेना. तिला वाटलं कापड अडकलं असेल. पाय रुंद रोवले, पुन्हा मुठी आवळल्या, पुन्हा विचारलं. साहेब निमूटपणे "आलो" म्हणाले, आणि ह्या वेळी ते आले. पण ते येताना कमरेपासून मानेपर्यंत तिच्या पाठीतून असं काही सरकत गेलं की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सगळी छाती, सगळे खांदे, ते डोकं, ते पोट, सगळं एका माणसाचं माणूसपण तिच्या बाजूला होतं. पायांकडे नुसते पाय होते.

तिनं साहेबांना खाली टेकवलं आणि तशीच वाकलेली राहिली.

हे एवढं असतं? रोज? एकेका पाळीत तीसचाळीस वेळा? तिच्या डोळ्यांपुढून माणसं जाऊ लागली. तो कंबर मोडलेला ड्रायव्हर, ज्याच्यासाठी खाटेला जोड लावावा लागला होता. त्या सुजलेल्या बाई. तो दोन महिने राहिलेला माणूस, ज्यानं 'नवीन का' विचारलं होतं. त्यातल्या एकेकाला ही बाई ह्या बाजूनं घेत होती, वर त्याच्याशी हसून बोलत होती, आजोबांचे आवाज काढत होती, आणि समोरच्या टोकाला आपण तोंड फुगवून उभ्या होतो. दुसऱ्याच्या छत्रीखालून कोरडं चालायचं आणि छत्री माझ्या हातात का देत नाही म्हणून रुसायचं, असं केलं आपण. एकोणीस वर्षं. इतकं मोठं काहीतरी आपल्यासमोर रोज चाललं होतं आणि आपल्याला ते दिसलं नाही, ह्याचंच धाकटीला नवल वाटत राहिलं.

"बाई," ती म्हणाली. "साहेब म्हणाले ना, दोघींचं काम एकच, ते खोटं आहे. ही बाजू मी आज पहिल्यांदा धरली. मी पायांकडची आहे. कायमची पायांकडची."

डॉक्टर पायांकडून निघाले, टेबलाला वळसा घालून आले आणि धाकटीला म्हणाले, "सरका बघू." त्यांनी कापड धरलं. तो माणूस धिप्पाड होता, पण वाकल्यावर त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. साहेब आता न सांगताच "आलो" म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना वीतभर घेतलं, परत ठेवलं, आणि सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

मग ते भिंतीकडे गेले. पुष्कळ वेळ डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. "तीस वर्षं मी हे शोधतोय," ते म्हणाले, कुणाला असं नाही. "पाठ सगळ्यांचीच झिजते, हे खरं आहे. म्हणून मी वयोमान लिहितो. कामानं किती आणि वयानं किती हे वेगळं करून दाखवणार कोण? दोन माणसं हवीत, बाकी जवळपास सगळं सारखं असलेली, आणि फरक फक्त कामाचा. अशी माणसं मिळतात कुठे?" ते साहेबांकडे वळले. "तुम्हीच आणून लावलीत. उपकार झाले."

साहेब उठू लागले. "जरा पडून राहा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

डॉक्टर थोरलीच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, स्टूल ओढून तिच्यापुढे खाली बसले. "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं? की ह्या बाजूला जास्त भार येतो?"

"भार म्हणू नका."

"चुकलो. ठाऊक होतं?"

"होतं की. माझ्याआधी जी मावशी होती तिनं सांगितलं होतं. डोकं ज्याच्या हाती, पाठ त्याची जाते. तिची गेली होती."

"मग आळीपाळीनं का नाही केलंत? एक दिवस तुम्ही, एक दिवस ह्या."

थोरलीनं एकदा धाकटीकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली, पकडली गेल्यासारखी. "ती आली तेव्हा कोवळी होती, ओली बाळंतीण. म्हटलं, थोडे दिवस. मग म्हटलं, लेकरू चालायला लागू दे. मग शाळेत जाऊ दे." तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आणि साहेब, एकीची तर जायचीच होती. दोघींच्या कशाला घालवायच्या?"

वयोमान डॉक्टर उठले, खिडकीशी गेले आणि बाहेर काहीतरी बघत राहिले. बाहेर सायकलींच्या शेडशिवाय काही नव्हतं. धाकटी रडत होती, आणि रडणं झाकायची तिला आठवणही नव्हती. तिला थोरलीचं ते 'फार बरं झालं' आठवत होतं. बाई स्वतःची मोडकी पाठ घेऊन पालथी पडलेली, तरी हिच्या पाठीवर खूष झाली होती. असं माणूस असू शकतं, आणि ते आपल्यासमोर चादर धरून उभं होतं.

अध्यक्षबाई आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत गेले. साहेबांना उठायची परवानगी मिळाली. ते कपडे झटकत कोपऱ्यात जाऊन बसले आणि उगाच कागद चाळत राहिले. अर्धा तास झाला असेल. त्या अर्ध्या तासात जावा-जावा एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

अध्यक्षबाई परत आल्या आणि उभ्यानंच वाचून दाखवलं. अर्जदाराच्या मणक्यांमधल्या गाद्यांची हानी ही तिच्या कामामुळे झालेली आहे आणि हे मंडळ तिला कामाचा आजार मानतं. यादीत नसली तरी मानतं. मग त्यांनी अर्जाचं पान वर धरलं. सातव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी खोडलं नव्हतं. 'नाही' तसंच होतं, शिरोरेघेसकट. खोडला होता तो प्रश्न, आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'माणसे घेतली.' खाली डॉक्टरांची सही होती.

"म्हणजे काय झालं?" थोरलीनं धाकटीला विचारलं.

"म्हणजे तुमचं वय झालेलं नाही, जाऊबाई."

थोरली हसली. हसताना कमरेत कळ आली तशी थांबली. मग अध्यक्षबाईंना नमस्कार करायला म्हणून तिनं खुर्चीचे हात धरले आणि उठू बघितलं. उठवेना. पुन्हा जोर केला. ओठ पांढरे पडले, आणि ती परत मागे टेकली. शिपाई धावला, डॉक्टर पुढे झाले.

"थांबा," धाकटी म्हणाली.

ती खुर्चीपाशी गेली. खाली वाकली, दोन्ही हात थोरलीच्या काखांखालून पाठीमागे नेले आणि मुठी घट्ट बांधल्या. पाय रुंद रोवले. थोरलीचं डोकं तिच्या खांद्याशी आलं, केसांना तेलाचा आणि इस्पितळाच्या साबणाचा तोच वास होता. तिनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"येता का?"

हजारो माणसांना थोरलीनं हे विचारलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. धाकटीला तिचा श्वास आपल्या मानेवर लागत होता, आणि ती वाट बघत राहिली. घाई कसलीच नव्हती.

"सावकाश घे गं," थोरली म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आले."

त्या 'ले'वर धाकटीनं तिला घेतलं.